लंडन, पायऱ्या टाळून

पहिला दिवस : हीथ्रो ते पॅडिंग्टन

आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. सपाट रस्त्यावर ती सावकाश अर्धा-पाऊण तास चालते, मात्र दहा-बारा पायऱ्या सलग चढाव्या लागल्या की पुढचा सगळा दिवस दुखण्यात जातो. त्यामुळे 2025 च्या मे महिन्यात आम्ही दोघी लंडनला निघालो तेव्हा कोणते ठिकाण किती लांब आहे यापेक्षा तिथे पोहोचेपर्यंत किती पायऱ्या लागतात, याचा हिशेब आधी मांडावा लागला. लंडनच्या भुयारी रेल्वेची, म्हणजे ट्यूबची, एकूण 272 स्थानके आहेत आणि त्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश स्थानकांत रस्त्यापासून फलाटापर्यंत एकही पायरी न चढता-उतरता जाता येते. ही माहिती ट्यूबच्या नकाशावरच दिलेली असते. स्थानकाच्या नावाशेजारी व्हीलचेअरचे निळे चिन्ह असेल तर थेट गाडीच्या दारापर्यंत वाट सपाट आहे असे समजावे. चिन्ह पांढरे असेल तर फलाटापर्यंत लिफ्ट किंवा उतार आहे, पण फलाट आणि गाडी यांच्यात फट किंवा उंचीचा फरक आहे. ज्यांच्याबरोबर वयस्कर माणूस आहे त्यांनी प्रेक्षणीय स्थळांच्या यादीआधी हा नकाशा समोर ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

हीथ्रोहून शहरात येण्याचे चार सरळ मार्ग आहेत. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त आहे, परंतु ती मध्य लंडनला पोहोचायला तासाभराच्या आसपास वेळ घेते आणि तिच्यावरच्या अनेक स्थानकांत जिने आहेत. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला आणून सोडते, पण ऐनवेळी तिकीट काढल्यास तिचे भाडे डोळ्यांत भरण्याइतके असते. टॅक्सी दारापर्यंत नेते. मात्र विमानतळ शहराच्या मध्यापासून सुमारे 24 किलोमीटर दूर असल्यामुळे मीटर बराच वर जातो. आम्ही एलिझाबेथ लाइन निवडली. तिचे भाडे पिकॅडिलीच्या दुपटीहून अधिक आहे, तरीही अर्ध्या तासात पॅडिंग्टन येते. या मार्गाच्या सर्व 41 स्थानकांत पायऱ्यांविना फलाटावर जाता येते आणि शहराच्या मध्यभागातील भुयारी स्थानकांत तर फलाट व गाडीचा तळ एकाच पातळीवर आहेत. 24 मे 2022 रोजी सुरू झालेली ही लाइन नसती, तर आईला लंडन दाखवण्याचे धाडस मी केले नसते. गाडी नऊ डब्यांची आणि 205 मीटर लांब असते, त्यामुळे उतरल्यावर लिफ्टपर्यंत बरेच चालावे लागू शकते. फलाटावरच्या पाट्यांवर लिफ्ट कोणत्या टोकाला आहे ते पाहून डबा निवडला तर तेवढी चाल वाचते.

तिकीट असे काढावेच लागले नाही. फॉरेक्सचे कॉन्टॅक्टलेस कार्ड दारावरच्या पिवळ्या चकतीला लावून आत जायचे आणि उतरताना पुन्हा लावून बाहेर पडायचे, एवढेच काम. प्रत्येक प्रवाशाचे कार्ड वेगळे असावे लागते, म्हणून मी पुण्यातच दोन कार्डे घेतली होती. दिवसभरात कितीही फिरले तरी एका ठरावीक रकमेपुढे आकारणी होत नाही. भाडे ठरवण्यासाठी आखलेल्या पहिल्या दोन झोनसाठी ती मर्यादा त्या वेळी 8.90 पौंड होती. ही मर्यादा लागू होण्यासाठी दिवसभर तेच साधन वापरावे लागते. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाशी जोडलेला फोन वापरला, तर यंत्रणेच्या दृष्टीने ते दोन निराळे प्रवासी ठरतात.

दुसरा दिवस : बसने किंग हेन्रीज रोड

ट्यूब हीच लंडनची खरी वाहिनी, असे पर्यटकांच्या मनात पक्के बसलेले असते. मला ते पटत नाही. ज्याला जिना चढवत नाही त्याच्यासाठी, आणि खरे तर ज्याला शहर पाहायचे आहे त्या प्रत्येकासाठी, लंडनची बस अधिक उपयोगाची आहे. इथल्या सगळ्या बसचा तळ जमिनीलगत असतो, थांब्यावर त्या पदपथाच्या बाजूला किंचित झुकतात आणि व्हीलचेअरसाठी मधल्या दारातून उतार बाहेर येतो. पुढच्या दाराने चढायचे, कार्ड एकदाच लावायचे, आणि मधल्या दाराने उतरायचे. उतरताना कार्ड लावायचे नाही. अंतर कितीही असले तरी भाडे त्या वेळी 1.75 पौंड होते, आणि पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभराच्या आत दुसरी, तिसरी बस पकडली तर तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. रोख पैसे 2014 च्या जुलैपासून बसमध्ये स्वीकारले जात नाहीत.

सकाळी साडेनऊनंतर, म्हणजे कार्यालयांची गर्दी ओसरल्यावर, आम्ही पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोडला आलो आणि वर येऊन हॅम्पस्टेड हीथकडे जाणारी 24 क्रमांकाची बस घेतली. लंडनच्या थांब्यांची एक सोय मला फार आवडली. प्रत्येक थांब्याच्या खांबावर मोठे अक्षर लिहिलेले असते आणि एकाच चौकात पाच-सहा थांबे असले तरी नकाशात आपल्या बसपुढे कोणते अक्षर आहे ते पाहून थेट तिथे जाऊन उभे राहता येते. बस येताना दिसली की हात दाखवावा. पुढच्या थांब्याचे नाव आत पडद्यावर दिसते आणि ऐकूही येते, त्यामुळे अनोळखी माणसालाही कुणाला विचारावे लागत नाही.

आईने दादर ते फोर्टचा बेस्टचा प्रवास नोकरीत असताना वर्षानुवर्षे केला आहे, त्यामुळे लाल दुमजली बस पाहताच तिची नजर वरच्या मजल्याच्या पुढच्या खिडकीकडे गेली. मुंबईत दुमजली बस 1937 साली आल्या. जुन्या डिझेलच्या गाड्या 2023 मध्ये निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी विजेवरच्या आल्या. "वर नको जाऊ या, पण तू जाऊन बस, मी इथे खाली ठीक आहे," असे आई म्हणाली. मी अर्थातच खालीच बसले. दाराजवळच्या राखीव जागेवर एक तरुण बसला होता. आईच्या हातातली काठी पाहून तो काही न बोलता उठला. असे पुढेही जवळजवळ प्रत्येक बसमध्ये घडले, आणि या शहराच्या वाहतुकीबद्दल लिहिताना ही गोष्ट नोंदवणे मला लिफ्टच्या माहितीइतकेच आवश्यक वाटते.

कॅम्डेनमध्ये उतरून थोडे चालून आम्ही 31 क्रमांकाची बस पकडली. पहिली बस घेऊन तास उलटलेला नव्हता, त्यामुळे हा टप्पा विनामूल्य झाला. अ‍ॅडलेड रोडवर उतरले की समांतर जाणारा किंग हेन्रीज रोड जवळच आहे, आणि त्यावरचे 10 क्रमांकाचे घर हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 1921-22 मधील निवासस्थान. महाराष्ट्र शासनाने ते 2015 मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. ट्यूबने यायचे तर चॉक फार्म हे जवळचे स्थानक आहे, पण ते निळ्या किंवा पांढऱ्या चिन्हाच्या यादीत नाही. इथून बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला आणि बॅरिस्टरीच्या अभ्यासासाठी ग्रेज इनला जात असत. नकाशावर ते अंतर मोजले तर आज बसने पाऊण तास तरी लागेल असे दिसते, आणि एका विद्यार्थ्याने त्या काळात केलेल्या त्या रोजच्या ये-जा करण्याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. आई त्या घरासमोरच्या पदपथावर बराच वेळ हात जोडून उभी होती.

परतीच्या वाटेवर पुन्हा 31 आणि 24. दिवसभर बसनेच फिरणाऱ्याला त्या वेळी 5.25 पौंडांपुढे काहीच द्यावे लागत नव्हते.

तिसरा दिवस : काळी टॅक्सी आणि हाउली प्लेस

लोकमान्य टिळक ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील बदनामीच्या खटल्यासाठी 1918 मध्ये लंडनला आले आणि 1919 पर्यंत इथे राहिले. त्यांच्या 10, हाउली प्लेस या घरावर निळी गोल पाटी आहे. पॅडिंग्टनहून हे अंतर मैलभराच्या आतबाहेर, पण जवळचे वॉरिक अ‍ॅव्हेन्यू स्थानक जिन्यांचे. आदल्या दिवशीच्या चालण्याने आईचे गुडघे जड झाले होते, म्हणून टॅक्सीवर खर्च करायचा असेल तर तो आजच करावा असे मी ठरवले.

लंडनमध्ये टॅक्सी हा शब्द कायद्याने फक्त काळ्या टॅक्सीसाठी राखीव आहे. छतावरची टॅक्सी लिहिलेली पिवळसर पाटी उजळलेली असेल तर ती रिकामी आहे आणि रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते. आम्ही स्थानकावरच्या टॅक्सीतळावर रांगेत उभ्या राहिलो. चालकाने आईची काठी पाहिली, खाली उतरला, दाराशी जास्तीची पायरी बाहेर काढली आणि आई बसेपर्यंत दार धरून ठेवले. या प्रत्येक टॅक्सीत व्हीलचेअर आत घेण्यासाठी उतार असावाच लागतो; 2018 पासून नव्याने परवाना मिळणाऱ्या टॅक्सी विजेवर चालण्यास सक्षम असाव्यात असाही नियम आहे. मागच्या बाजूला इतकी मोकळी जागा असते की सामान आणि समोरासमोर बसलेली माणसे सहज मावतात. अवघ्या 25 फुटांत, म्हणजे 7.6 मीटरमध्ये, पूर्ण वळण घेता आले पाहिजे ही अटही जुनी आहे. म्हणूनच अरुंद रस्त्यात या गाड्या मागे-पुढे न करता एका दमात उलट्या दिशेला वळतात.

मला सर्वांत अधिक आदर वाटतो तो मात्र चालकांच्या परीक्षेबद्दल. इथे तिला 'नॉलेज' म्हणतात आणि ती 1865 पासून घेतली जाते. मध्य लंडनमधल्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे 25 हजार रस्ते, त्यांवरची रुग्णालये, न्यायालये, नाट्यगृहे, हॉटेले, सगळे तोंडपाठ करायचे. परीक्षक दोन ठिकाणांची नावे सांगतो आणि उमेदवाराने नकाशा न पाहता त्यांच्यातला सर्वांत जवळचा मार्ग रस्त्यारस्त्याने, वळणावळणाने बोलून दाखवायचा. उमेदवार दुचाकीवरून पावसापाण्यात हे रस्ते पालथे घालतात आणि साधारणपणे तीन-चार वर्षे घालवतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की या चालकांच्या मेंदूतील हिपोकॅम्पसचा, म्हणजे स्मरणाशी आणि वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित अवयवाचा, मागील भाग इतरांपेक्षा मोठा असतो. आमच्या चालकाने मी घराचा क्रमांक सांगण्याआधीच हाउली प्लेस म्हणताच मान हलवली आणि कालव्याकडच्या बाजूने गाडी काढली. फोनवरच्या नकाशाच्या काळात इतके पाठांतर कशाला, असा प्रश्न अनेक जण विचारतात. माझे मत असे की रस्ता अचानक बंद झाला किंवा प्रवाशाला मध्येच औषधाच्या दुकानापाशी थांबायचे झाले, तर ज्याच्या डोक्यात संपूर्ण शहर आहे तो माणूसच वेळ आणि पैसे वाचवतो, आणि आजारी किंवा वयस्कर प्रवाशाच्या दृष्टीने ती बाब फार मोलाची आहे.

भाडे मीटरवर पडते आणि त्याचे दर दिवसाच्या वेळेनुसार तीन प्रकारचे असतात. रात्री दहानंतरचा दर सर्वांत महाग. कार्डाने पैसे घेणे 2016 पासून बंधनकारक आहे. बारा मैलांपर्यंतचे भाडे योग्य कारणाशिवाय नाकारता येत नाही आणि हीथ्रोहून निघताना ही मर्यादा वीस मैलांची आहे.

टिळकांच्या घराची पाटी पाहून आम्ही वॉरिक अ‍ॅव्हेन्यूपर्यंत हळूहळू चालत आलो. तिथे रस्त्याच्या मधोमध हिरव्या लाकडी खोपटासारखी एक छोटी वास्तू आहे. घोडागाड्यांच्या चालकांना ऊन-पावसात बसून गरम जेवण मिळावे म्हणून 1875 पासून अशी आश्रयस्थाने उभारली गेली. रस्त्यावर उभी राहणार म्हणून त्यांना घोडा आणि गाडी यांच्याइतकीच जागा व्यापण्याची परवानगी होती. आता त्यांतली तेरा उरली आहेत. आत बसण्याचा हक्क चालकांचाच. बाहेरच्या माणसाला खिडकीतून चहा मिळतो.

चौथा दिवस : ग्रिनिच

पॅडिंग्टनहून एलिझाबेथ लाइनने कॅनरी वॉर्फ, तिथून डॉकलँड्स लाइट रेल्वेने ग्रिनिच. 1987 मध्ये सुरू झालेल्या या हलक्या रेल्वेची सर्व स्थानके पायऱ्यांविना वापरता येतात, म्हणून अख्ख्या प्रवासात लिफ्टची चिंता करावी लागली नाही. गाडीला चालकाची खोलीच नसते. सगळ्यांत पुढच्या आसनावर बसले की समोर रूळ, दोन्ही बाजूंना जुन्या गोद्यांचे पाणी आणि काचेच्या उंच इमारती दिसतात, आणि मग गाडी अचानक थेम्सच्या तळाखालच्या बोगद्यात शिरते. आई या प्रवासावर इतकी खूष झाली की वेधशाळेच्या टेकडीवर न जाता आल्याची खंत तिला वाटली नाही. एक काळजी इथे घ्यावी: या मार्गावरच्या बऱ्याच स्थानकांत अडवणारी दारे नाहीत, नुसते खांब आहेत. कार्ड आठवणीने लावावे, नाहीतर पूर्ण अंतराचे कमाल भाडे कापले जाते.

येताना नदीतून आलो. ग्रिनिचच्या धक्क्यावरून वेस्टमिन्स्टरपर्यंत जाणाऱ्या बोटीला तेच कॉन्टॅक्टलेस कार्ड चालते, पण तिचे भाडे दिवसाच्या मर्यादेत धरले जात नाही. थेम्सला समुद्राची भरती-ओहोटी आहे आणि लंडनमध्ये पाण्याची पातळी दिवसात काही मीटरने वरखाली होते. बोटीचा तराफा तिच्याबरोबर हलतो. परिणामी तिकडे नेणारा उतार भरतीच्या वेळी जवळजवळ सपाट असतो आणि ओहोटीच्या वेळी चांगलाच तीव्र होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी भरतीची वेळ पाहून निघावे, ही सूचना कुठल्याही पर्यटन पुस्तिकेत मला आढळली नाही, म्हणून इथे लिहिते.

वेस्टमिन्स्टरहून जुबिली लाइनने बाँड स्ट्रीट आणि तिथून एलिझाबेथ लाइन, अशी सगळी वाट निळ्या-पांढऱ्या चिन्हांची होती. मात्र त्याच संध्याकाळी जेवायला जाताना एका स्थानकातली लिफ्ट बंद निघाली. फलाटावरच्या कर्मचाऱ्याने आम्हाला पुढच्या स्थानकापर्यंत जाऊन तिथून कोणती बस घ्यायची ते कागदावर लिहून दिले आणि पुढच्या स्थानकाला फोनही केला. व्यवस्था चांगली असली तरी लिफ्ट ही एकुलती एक वाट असेल तर ती बंद पडल्यावर माणूस जमिनीखाली अडकतो, हे विसरून चालणार नाही. निघण्यापूर्वी लिफ्टची त्या दिवसाची स्थिती अ‍ॅपवर पाहण्याची सवय मी त्यानंतर लावून घेतली.

पाचवा दिवस : शनिवार

शनिवार-रविवारी लंडनच्या रेल्वेची दुरुस्तीची कामे निघतात, एखाद्या मार्गाचा तुकडाच्या तुकडा बंद ठेवतात आणि त्याऐवजी बस सोडतात. त्यामुळे या दोन दिवसांचा बेत आदल्या रात्री पुन्हा तपासून घ्यावा.

सकाळी आई विश्रांती घेत असताना मी एकटी हॅमरस्मिथ अँड सिटी लाइनने बेकर स्ट्रीटला गेले. 10 जानेवारी 1863 रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही जगातली पहिली भुयारी प्रवासी रेल्वे सुरू झाली, तेव्हाचे विटांच्या कमानींचे फलाट इथे आजही वापरात आहेत. कमानींच्या पोटात वरून हवा आणि उजेड येण्यासाठी केलेले झरोके दिसतात, कारण गाड्या वाफेच्या इंजिनांवर चालत. हा मार्ग रस्ता खोदून, रूळ टाकून, वरून पुन्हा झाकून बांधला गेला, म्हणून तो जमिनीपासून फार खोल नाही. खोल ट्यूब आल्या त्या 1890 पासून, विजेची इंजिने आणि चिकणमातीतून बोगदा पोखरण्याचे तंत्र हाती आल्यावर. हॅम्पस्टेडचे स्थानक जमिनीखाली 58.5 मीटरवर आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अभियंत्यांनी हे जाळे विणले तेव्हा जिना न चढणाऱ्या प्रवाशाचा विचार त्यांच्यासमोर नव्हता, आणि जुन्या बोगद्यांच्या भोवती वसलेल्या शहरात आज नवी लिफ्ट घालणे किती अवघड आहे, ते त्या फलाटावर उभे राहिल्यावर समजते. तरीही ते काम अधिक वेगाने व्हायला हवे असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळी डॉलिस हिल भागातल्या महाराष्ट्र मंडळात जायचे होते. न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने 1932 मध्ये स्थापन झालेले हे मंडळ. तिथल्या ट्यूब स्थानकात पायऱ्या आहेत, त्यामुळे आम्ही मिनीकॅब घेतली. मिनीकॅब रस्त्यात हात दाखवून थांबवता येत नाही, परवानाधारक कंपनीकडे आधी नोंदणी करावीच लागते, आणि थांबून "येता का?" असे विचारणाऱ्या गाडीत मुळीच बसू नये. भाड्याचा अंदाज आधी कळतो आणि लांबच्या अंतराला ती काळ्या टॅक्सीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. उलट, काळ्या टॅक्सीला बहुतेक ठिकाणी बसच्या राखीव मार्गिकेतून जाता येते, मिनीकॅबला नाही. शनिवारच्या गर्दीत शेजारून बस आणि टॅक्सी पुढे सरकत होत्या आणि आम्ही मुख्य रस्त्यावर खोळंबलो होतो, तेव्हा हा फरक स्पष्ट झाला. माझा सल्ला असा की मध्य लंडनमध्ये, दिवसा आणि थोड्या अंतरासाठी काळी टॅक्सी. उपनगरात, रात्री आणि लांब जायचे असेल तर मिनीकॅब.

शेवटचा दिवस

विमान टर्मिनल 3 वरून होते. एलिझाबेथ लाइनच्या हीथ्रोच्या गाड्यांपैकी काही टर्मिनल 4 ला तर काही टर्मिनल 5 ला जातात, पण टर्मिनल 2 आणि 3 यांचे सामाईक स्थानक दोन्हींच्या वाटेवर लागते. 4 किंवा 5 ला जाणाऱ्यांनी मात्र गाडीच्या पाटीवरचे शेवटचे स्थानक वाचूनच चढावे. चुकून दुसरी गाडी मिळाली तरी टर्मिनलांमधला रेल्वेप्रवास विनामूल्य आहे. सामान असल्यामुळे आम्ही गर्दीची वेळ टाळून दहानंतर निघालो, लिफ्टजवळचा डबा धरला आणि आईला पूर्ण वेळ बसायला जागा मिळाली. आदल्या दिवसांचे भाडे तोवर दोन्ही कार्डांवर दररोजच्या एकेका रकमेत जमा झालेले दिसत होते, बोटीची नोंद तेवढी स्वतंत्र होती, आणि मर्यादेपलीकडे एक पेन्सही कापला गेला नव्हता.